आधी पाटी

कॉम्प्युटरच्या बटणावर तळहात ठेवून बाई विचारायच्या, "कशापायी?" उत्तर मिळेपर्यंत हात हलायचा नाही.

बाई मुळशी धरणाच्या काठच्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवत. माहेर आणि सासर दोन्ही त्याच खोऱ्यातलं, भातशेतीचं. धडा शिकवताना पुस्तकी मराठी आणि एरवी घरची, असा त्यांचा शिरस्ता. मी तेव्हा भूगावात नुकताच फ्लॅट घेतला होता आणि ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर दुरुस्त करून शाळांना देणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होतो. कॉम्प्युटर आला की खेडं बदलणार, आणि ते मीच बदलणार, अशी माझी पक्की समजूत होती. वयच तसं होतं.

तुम्हीही तेव्हाच्या अशा शाळा पाहिल्या असतील. कॉम्प्युटरला हळदकुंकू, वर प्लॅस्टिकचं कव्हर, दाराबाहेर चपलांची रांग आणि आत हाताची घडी घालून बसलेली मुलं. बाईंनी चपलांचा नियम पहिल्याच दिवशी मोडीत काढला. "माती काय, झाडता येती," म्हणाल्या. त्याऐवजी टेबलाशेजारी खिळा ठोकून एक पाटी टांगली आणि खाली खडूचा तुकडा ठेवला. ज्याला कॉम्प्युटर हवा, त्यानं आधी पाटीवर प्रश्न लिहायचा. तो वाचून बाई सगळ्यांना विचारायच्या, "हे कुणाला माहीत असेल?" कधी एखाद्या आजीचं नाव निघायचं, कधी मासे धरणाऱ्या कुणाच्या वडिलांचं. मुलं तिकडे पळायची. कुणाचंच नाव निघालं नाही, तरच बाईंचा हात बाजूला व्हायचा.

मला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. एकदा मी मोठ्या हौसेनं खेळांची सीडी घेऊन गेलो.

"कशापायी?"

"मुलांना मजा येईल, बाई."

"मजेला बाहेर वढा हाय की, सर."

सीडी परत माझ्या पिशवीत आली.

एका पावसाळ्यात पाटीवर प्रश्न उमटला: 'पाऊस वरच्या वाडीवर जास्त पडतो का खालच्या?' दोन्ही वाड्यांची मुलं अगदी हातघाईवर आली होती. बाईंनी एकसारख्या बाटल्या कापून, त्यांना पट्ट्या चिकटवून दोन्ही वाड्यांवर ठेवायला लावल्या. मुलं रोज सकाळी माप बघून वहीत लिहीत राहिली. कॉम्प्युटर उघडला तो दिवाळीच्या तोंडावर, आकडे भरून आलेख काढायला. काम अर्ध्या तासात झालं. आलेख बघून वरची वाडी नाचली.

माझ्या फॉर्ममध्ये मात्र 'वापराचे तास' असा रकाना होता. मी इमानदारीत अर्धा तास भरला. ऑफिसातून निरोप आला, तिथला कॉम्प्युटर उचला आणि शहराजवळच्या मोठ्या शाळेला द्या. मी टेम्पो घेऊन गेलो. वाटेत फार वाईट वाटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं तर मनातून थोडा सुखावलोच होतो.

बाईंनी वाद घातला नाही. पाटी काढून माझ्या हातात दिली. "कशापायी नेताय ते लिवा. नियम सगळ्यांना सारखाच."

मी लिहिलं, 'वापर कमी.'

बाईंनी ते वर्गाला वाचून दाखवलं. आवाज नेहमीचाच होता, पण तळहात बटणावर गच्च दाबलेला होता. वरच्या वाडीची चौथीतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, कमी हाय हे मोजलं कशानं?"

"घड्याळानं."

"पाऊस घड्याळानं मोजला असता, तर आमची वाडी हारली असती. आमच्याकडं थोडाच येळ येतो, पन लई येतो."

टेम्पोवाला हसला. मला हसू यायला थोडा वेळ लागला. मग मी ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि टेम्पो रिकामाच परत पाठवला. ऑफिसात बोलणी खाल्ली, पण फॉर्मला मुलांचा आलेख जोडून दिला आणि कॉम्प्युटर जागेवर राहिला. बाई फक्त "च्या घेता का?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मला त्या फार आवडू लागल्या. पुढे कुठल्याही शाळेत गेलो, की मशीन खाली ठेवायच्या आधी मीच विचारू लागलो, कशासाठी हवंय.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि सूसला लेकीकडे राहायला गेल्या. त्याच वर्षी शाळेत नवे कॉम्प्युटर आले, पाठोपाठ इंटरनेटही आलं. मी गेलो, तेव्हा पाटी त्याच खिळ्यावर होती. तिच्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आमच्या बाई आता कुटं राहत्यात?'

शेजारी दुसरी-तिसरीतली एक मुलगी उभी होती. "समदं इंटरनेट बघितलं, सर. बाई न्हाई घावल्या त्यात."

"मग हे कुणाला माहीत असेल?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, "तुमाला," म्हणाली आणि खडू पुढे केला.