खाकी कव्हरातली पुस्तकं

"बाई, महिन्याभरात बालविभागातून दोनच पुस्तकं गेली?"

अध्यक्षांनी देवघेवीची वही माझ्यासमोर धरली. कोणी कोणतं पुस्तक नेलं, कधी परत केलं, याची ती नोंद. दोन्ही पुस्तकं माझ्या भाचीच्या नावावर होती आणि तिच्या दप्तरात ती मीच कोंबली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आमचं वाचनालय रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला. मी तिथली ग्रंथपाल. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर. रिकामी जागा दिसली की त्यांचे हात शिवशिवतात.

"बालविभागाच्या खोलीत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका करू. दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये विषय घेतो," म्हणाले.

बालविभाग मी हट्टानं सुरू केला होता.

मग मी उपाय केले. हस्ताक्षर स्पर्धा घेतली, चॉकलेटं वाटली. मुलं आली, चॉकलेटं खाल्ली, गेली. मी मोबाइलला दोष दिला. मोबाइलला दोष दिला की पुढे विचार करावा लागत नाही.

अशात एका दुपारी मुमताजभाभी आल्या. त्या बंदरावर मासळी विकतात. सोबत त्यांची मुलगी सानिया, दुसरीतली.

"हिला वाचता येतं ओ मॅडम, पण पुस्तक बघितलं की पळते. जरा बघा काय ते."

सानिया कपाटासमोर उभी राहिली. आमच्याकडची हवा खारी, पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते. म्हणून मी एकूण एक पुस्तकाला खाकी कव्हर घातलं होतं. वर नाव नाही, चित्र नाही. फक्त दाखलअंक, म्हणजे पुस्तक वाचनालयात येतं तेव्हा त्याला मिळणारा नंबर. या शिस्तीचा मला भारी अभिमान. सानियानं सगळ्या रांगा पाहिल्या आणि मग आईकडे पाहिलं. शेवटी मीच एका थोर पुरुषाचं चरित्र तिच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघी परत.

"वाचलंस? काय शिकलीस मग यातून?"

सानिया आईच्या मागे लपली. भाभी हसल्या.

"मॅडम, राग नका धरू. माझ्याकडं गिऱ्हाईक येतं, ते माशाचा कल्ला उघडून बघतं, दाबून बघतं. दहा मासे उलटेपालटे करतं नि न घेता पण जातं. मी काय त्याला धरून ठेवते? तुम्ही टोपली झाकून बसल्यात, नि वर तुमच्याच पसंतीचा मासा हिच्या पिशवीत टाकलात. पोरगी खाणार कशी?"

मला राग आला, चांगलाच. ग्रंथालयशास्त्राचा डिप्लोमा माझ्याकडे आणि अक्कल शिकवणार बंदर! पण त्या गेल्यावर मी कपाटासमोर सानियाच्या उंचीला बसून पाहिलं. सगळी पुस्तकं सरकारी फायलींसारखी दिसत होती.

कव्हरं काढण्यात तीन दुपारी गेल्या. दाखलअंक कव्हरांवरच होते, ते पुन्हा एकेका पुस्तकावर चिकटवावे लागले. आतून माकडं निघाली, बोटी निघाल्या, एक भलामोठा खेकडा निघाला. मीच झाकलं होतं आणि मीच विसरले होते. मग कपाटाचं कुलूप काढलं आणि पुस्तकं चटईवर उघडी मांडली. हवं ते घ्या, कंटाळा आला तर अर्ध्यावर सोडा, आणि मॅडम काहीही विचारणार नाहीत. हा शेवटचा नियम माझ्यासाठी होता. तोच सगळ्यात जड गेला.

पहिल्या दिवशी सानियानं चार पुस्तकं उघडली आणि टाकून दिली. पाचवं खेकड्याचं. ते बालवाडीतल्या मुलांसाठीचं, पानाला एक ओळ. "हे तुझ्या इयत्तेचं नाही गं," माझ्या अगदी ओठांवर आलं. मी उठून चहा करायला गेले. परत आले तेव्हा ती तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होती. आठवड्यानं ती चुलत भावंडांना घेऊन आली आणि पालथी पडून त्याहून मोठं पुस्तक वाचायला लागली.

दिवाळीनंतर अध्यक्ष खोली बघायला आले. पाय ठेवायला जागा नव्हती, चटई मुलांनी अडवलेली. ते सानियाजवळ वाकले.

"काय वाचतेस, बाळ? गोष्ट काय आहे?"

तिनं मान वर केली नाही. "थांबा ओ. संपल्यावर सांगते."

आमच्या अध्यक्षांना थांबा म्हणायची मीटिंगमध्ये कोणाची छाती होत नाही. पण ते थांबले. उभं राहून कंटाळले तेव्हा भिंतीशी टेकून बसले आणि हाताला आलं ते एक पुस्तक उघडलं. थोड्या वेळानं सानियाचं संपलं. ती त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली आणि गोष्ट सांगायला लागली.

"थांब गं जरा," अध्यक्ष म्हणाले, "माझं होऊ दे."

अभ्यासिका शेवटी वरच्या मजल्यावर, कार्यकारी मंडळाच्या खोलीत झाली. मंडळाच्या मीटिंगा आता व्हरांड्यात होतात आणि लवकर संपतात. मुलांना वाचायला लावायचे माझे सगळे उपाय फसले. त्यांच्या वाटेतून बाजूला होणं तेवढं चाललं, आणि एवढं साधं काम शिकायला मला नोकरीची अठरा वर्षं लागली.