वाचवलेली पिल्लं

माझ्या ताईच्या नवऱ्याला सगळं गाव ‘सशांचे डॉक्टर’ म्हणतं. गावाचं काय जातं म्हणायला! भावोजींचं औषधांचं दुकान आहे. खोकल्याची बाटली कुठल्या फळीवर आहे हे त्यांना अचूक माहीत असतं, आणि तेवढ्या भांडवलावर ते जन्मभर नाकाने कांदे सोलत आलेत.

त्यांच्या घरामागे गवताचा मोठा माळ आहे आणि त्यात रानससे राहतात. रानससा बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करतो आणि तिथेच दबून बसतो. पिल्लंही उघड्यावरच जन्मतात, डोळे उघडे, अंगावर केस. आई दिवसभर मुद्दाम लांब राहते, कारण ती जवळ बसली तर तिच्या वासावर कुत्री, कोल्हे येतील. दिवस मावळला की येते, घाईघाईने पाजते आणि जाते. हे गुरांच्या डॉक्टरांनी भावोजींना माझ्यासमोर समजावून सांगितलं होतं. "पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते अनाथ आहे असं समजू नका. हात लावू नका."

डॉक्टरांची पाठ वळली तशी भावोजी म्हणाले, "गाईम्हशींचा डॉक्टर! त्याला सशातलं काय कळतंय?"

मग सुट्टीच्या दिवशी हे गृहस्थ रबरी हातमोजे चढवून माळावर जायचे. पिल्लू जागचं हलायचं नाही. जिवाच्या भीतीने दगडासारखं पडून राहायचं. भावोजींना वाटायचं, आपल्यावर केवढा विश्वास बसलाय. खोक्यात कापूस घालायचा, ड्रॉपरने तान्ह्या बाळांचं पावडरचं दूध पाजायचं आणि दुकानाच्या काउंटरवर प्रदर्शन मांडायचं. डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक डोळे पुसत जायचं. संध्याकाळी खोकं घरी आलं की ते ताईच्या गळ्यात. दोन-तीन दिवसांत पिल्लाचं पोट फुगायचं आणि ते मान टाकायचं. भावोजी त्याची कधी चौकशी करायचे नाहीत. त्यांच्या लेखी उचललं म्हणजे वाचवलं.

यंदा गावातल्या क्लबाने त्यांचा सत्कार ठरवला. नुसत्या भाषणाने काय होतंय, म्हणून त्याच दुपारी त्यांनी माळावरून दोन ताजी पिल्लं उचलून आणली. स्टेजवर दाखवायला! लाज म्हणून नाही. खोकं ओट्यावर ठेवून ते कोटाला ब्रश मारायला गेले. मी ताईबरोबर स्वयंपाकघरातच होते. तिने झाकण उचललं. पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती, नाकं तेवढी हलत होती.

"ही अजून धडधाकट आहेत," ताई म्हणाली. "संध्याकाळी आई येईल तेव्हा जागेवर असली तर वाचतील."

"पण माणसाचा हात लागला की आई घेत नाही ना? भावोजी सांगत होते."

"तुझे भावोजी काय वाट्टेल ते सांगतात. ते कुठे वाकले ते मी खिडकीतून बघितलंय."

तिने पिल्लं पदरात घेतली आणि खोक्यात कापसाखाली दोन बटाटे ठेवले. वजन जुळायला हवं ना! मग नवऱ्याला म्हणाली, "माझं डोकं दुखतंय, तुम्ही दोघं व्हा पुढे." भावोजींनी तिला लगेच गोळी काढून दिली आणि जेवल्यावर घे म्हणून बजावलं.

सभागृहात भावोजी मातृत्वावर बोलले, करुणेवर बोलले, स्वतःवर तर फारच बोलले. शेवटी त्यांनी खोकं उघडलं आणि हात घालून बटाटा वर काढला. क्षणभर तोंड उघडंच राहिलं. पण निर्लज्जम् सदासुखी! "मित्रहो," ते म्हणाले, "पिल्लं मी आजच त्यांच्या आईच्या स्वाधीन केली. हे केवळ प्रतीक आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रतीक म्हटलं की लोक बटाट्यालाही टाळ्या वाजवतात. मला तर त्या सगळ्यांचीच शिसारी आली.

घरी पोहोचलो तेव्हा ताई मागच्या दारात उभी होती. मी नजरेनेच विचारलं.

"आली," ती म्हणाली. "दोघंही प्याली." इतक्या वर्षांत मी तिला एवढं आनंदात पाहिलं नव्हतं.

भावोजींना याचं काय! मानचिन्ह टेबलावर आपटून ते ओरडले, "चारचौघांत माझी नाचक्की केलीस! आणि ती पिल्लं तिकडे मेली तर?"

ताईने दारामागचं खुरपं उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"आजवर तुम्ही उचलली आणि मी पुरली. यापुढे आणलंत तर पुरायचीही तुम्हीच."

"पुरली?" भावोजी खुरप्याकडे बघत राहिले. "कुठे?"

"मागे, कपड्यांच्या दोरीखाली. तुम्ही रोज सकाळी जिथे उभे राहून दात घासता तिथे."

मानचिन्ह आता दुकानात झळकतंय. सशांचे डॉक्टर सशांवर अजूनही अखंड बोलतात. माळावर मात्र ते फिरकत नाहीत, आणि दात न्हाणीघरात घासतात.