केदारलिंगाचा कौल आणि परसातलं झाड

"मी चोरून लावला नाय, सायब. आदी देवाला इचारला. देवान उजवा दिलान, मंग लावला."

"कुनाला इचारलंस?"

"केदारलिंगाला."

आबकारीच्या जमादारानं डोक्यावरचा रुमाल सोडला, मान पुसली नि परत बांधला. घाटावरचा माणूस, कार्तिकातल्या सकाळीही त्याला कोकणातला घाम सोसत नव्हता. "केदारलिंग आबकारी खात्यात कवा लागला, बाई?"

"खात्यात नसंल," हौसा म्हणाली, "गावात हाय."

मागं परसाच्या दगडी गडग्यापाशी उभे असलेले पंच हसले आणि लगेच गप्प झाले. हसण्यासारखी गोष्ट ती नव्हती. हौसाच्या परसात, हळदीच्या आणि अळवाच्या मधोमध, पुरुषभर उंचीचं गांजाचं झाड उभं होतं. तुरे भरले होते. वास असा होता, की आंधळ्यानंसुद्धा वाट न चुकता ते गाठलं असतं.

झाड तिथं आलं भिकाजीच्या पाठीमुळं. भिकाजी तिचा घोव. जवानीची सगळी वर्षं बोटीवर खलाशी. बसऱ्याच्या बंदरात कसल्याशा पेट्या चढवताना दोर सुटला आणि हा गडी बोटीच्या पोटातल्या उघड्या फाळक्यात कोसळला. कंपनीनं मुंबईत आणून सोडला. मुंबईहून आगबोटीनं मुसाकाजीच्या बंदरात, तिथून डोलीत घालून घरी. तेव्हापासून पडवीतली बाज आणि भिकाजी वेगळे झाले नाहीत. कमरेखाली पायांत जीव नव्हता, पण कळा मात्र तिथूनच निघत. दिवसा तो दात खाऊन पडायचा, रात्री ओरडायचा. गुरंसुद्धा गोठ्यात उठून उभी राहत.

औषधं सगळी झाली. नाटे गावच्या हकिमानं शेवटी हात टेकले आणि सांगितलं, "चिलीम दे. दुसरं काही मागू नको माझ्याकडं." बोटीवरच्या माणसाला चिलीम नवी नव्हती. दोन झुरके घेतले, की भिकाजीच्या कपाळावरची आठी सुटायची. मग तो पेज मागायचा, बोटीवरच्या चार गोष्टी सांगायचा, कधी नको इतक्या सांगायचा, आणि झोपायचा. तो झोपला की हौसाही झोपायची.

गांजा मिळत नव्हता असं नाही. राजरोस मिळत होता. तालुक्याच्या गावी मक्तेदाराचं दुकान होतं, दारावर सरकारची पाटी होती, आत तराजू होता. पण हौसा डोंगर उतरून तिथं गेली, तेव्हा दुकानदारानं तिच्याकडं न बघताच मान हलवली. "बायकांस देत नाही. घोवास पाठव."

"घोव उठला आस्ता तर मी आलू आस्तू?"

"मग दुसरा कोण पुरुष पाठव."

दुसरा पुरुष म्हणजे रावजी, भिकाजीचा चुलतभाऊ. तो आणायचा, पण वाटेत त्यालाही पाठ दुखायची. पुडी घरी येईपर्यंत अर्धी व्हायची. "वाऱ्यान उडाला गो वयनी," असं तो तोंड वर करून सांगायचा. मग एके दिवशी रावजी गिरणीत लागायला मुंबईला गेला आणि ती अर्धी पुडीही बंद झाली. वाडीत उरले म्हातारे आणि बायका.

चौतीस सालचा तो उन्हाळा असेल, नाहीतर पस्तीसचा. जुन्या पुडीच्या तळाशी चार बिया निघाल्या होत्या. त्या मुठीत धरून हौसा दोन दिवस फिरली. लावाव्यात असं मनात होतं. पण ते झाड शंकराचं. परसात बेल लावायचा तरी माणूस देवाला विचारतो, मग हे न विचारता कसं लावायचं? गावात कुणी नवी विहीर खणली, पोरगी दिली, बैल घेतला, तरी आधी कौल. ती देवळात गेली. लवू गुरव पुजारी. त्यानं पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं: "बा देवा केदारलिंगा, ही लेकरू हौसा, हिचा घोव बाजेला खिळलाय, त्याच्यासाटना ही तुजा झाड परसात लावता हाय. लावूचा आसंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे, म्हाराजा."

"होय म्हाराजा," जमलेली माणसं म्हणाली. गुरव तोंडाला कुलूप लावून कौल लावत नाही. सगळ्या गावानं ऐकलं. उजव्या बाजूची पाकळी टपकन पडली.

तिथंच हौसा चुकली. चोरून लावलं असतं तर अळवाच्या रानात कुणाला दिसलं नसतं. विचारून लावलं म्हणून गाव बोललं, गाव बोललं म्हणून खाडीपलीकडं कळलं, आणि खाडीपलीकडनं ते दुकानाच्या तराजूपर्यंत गेलं.

"केरू, उपट," जमादार म्हणाला.

केरू त्याचा शिपाई, पलीकडच्याच गावचा. तो झाडापाशी गेला, हात पुढं केला आणि पोटाशी घेतला. "सायब, माजी सासुरवाडी हितली."

"मग?"

"देवान दिलेला झाड हाय. माजी बायकू गरवार हाय, सायब."

जमादारानं पंचांकडं पाहिलं. पंच गडग्यातले चिरे मोजू लागले. मग त्यानं स्वतःच बाही वर सारली, पण तोही दोन पावलांवर थांबला. घाटावरही देव असतात.

पडवीच्या खिडकीतून आवाज आला. "जमादार, मना न्या. ता झाड मी लावला."

जमादार खिडकीशी गेला. आतला माणूस त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिला. "तुला न्यायला चार गडी लागतील रं."

"मंग बोलवा. तेवढाच फिरना व्हईल." भिकाजीनं ओठ ओले केले. "येक सांगा. दुकानात ता इकता तवा गुन्हा नाय. माज्या परसात आला की गुन्हा. झाड तर येकच ना?"

"कायदा मी नाही केला."

"पाठ मी पन हौसेन मोडून घेतलू नाय."

"गांज्यानं गावं बिघडत्यात," जमादार म्हणाला. म्हणताना त्याचा आवाज जरा खाली आला.

हौसा पुढं झाली. "बिगडतात, तर दुकान कशाला ठेवलात? खाडीवर माडीचा मक्ता हाय, तितना येताना गडी बायकांच्या पाठी फोडतात, ता कोन बगीत नाय. ह्येनी चिलीम ओढून कोनाला बोट लावलानी नाय. ओढतात नि निजतात. निजना गुन्हा हाय काय?"

केरू हसला, मग खोकला.

जमादार वाईट माणूस नव्हता, आणि तीच खरी अडचण होती. वाईट असता तर काही देऊन घालवला असता. तो पायरीवर बसला. "हे बघ, बाई. झाड उभं ऱ्हायलं तर मला तुला रत्नागिरीला न्यावं लागंल, तुरुंगात. तू आपल्या हातानं उपटून जाळलंस, तर परसात काही घावलं न्हाई, असं मी सांगतो. याच्यापुढं माझ्या हातात काही न्हाई."

हौसानं पंचांच्या मागं उभ्या असलेल्या लवू गुरवाकडं पाहिलं. "लवूदा, परत कौल लाव."

"नाय गो हौसे. येकदा दिलेला कौल परत इचारीत नाय. देव काय कोर्टात उबा हाय, उलटतपासणी घ्यायला?" त्यानं उपरण्यानं नाक पुसलं. "तू उपटलास तर तुज्यावर. मी काय बोललू नाय."

हौसा झाडापाशी गेली. तुरुंगात गेली, तर भिकाजीला कुशीवर कोण वळवणार? त्याच्या पाठीला आधीच एक चट्टा लाल पडला होता. शेजारीण कमळा दोन दिवस करील, तिसऱ्या दिवशी तिलाही शेत आहे. झाड उपटलं, तर देवाचं देणं आपल्याच हातानं मोडलं, आणि वर रात्री परत तेच ओरडणं. दोन्ही वाटांना गडगा होता. पंच आता घरी जायच्या घाईत दिसत होते.

तिनं पदर खोचला. देवळाच्या दिशेनं तोंड केलं. "देवा, माज्या हातान जाताय. ह्यांच्या माथ्यावर घालू नको."

झाड एका हिसक्यात आलं. शेणखताची भुसभुशीत जमीन, मुळं पांढरी आणि लांब. एवढं जोमदार झाड इतक्या सहज येईल असं तिला वाटलं नव्हतं. थोडं अडलं असतं, तर बरं वाटलं असतं.

जमादारानं खळ्याच्या कडेला पेंढा टाकायला लावला, वर झाड. ओलं म्हणून आधी नुसता धूर झाला. जाड, पांढरा, गोड वासाचा.

"गो," भिकाजीनं आतून हाक मारली. "वारा खयचा हाय?"

तिनं धुराकडं पाहिलं. सकाळचा मतलई वारा अजून जमिनीवरनं दर्याकडं वाहत होता. धूर पडवीला पाठ करून सरळ खाडीकडं चालला होता.

"मतलई हाय अजून."

"वाटला मना." खलाशाला ते न बघताही कळलं होतं. "दुपारी फिरंल. जमादाराला म्हणावा, जरा दुपारपावत थांब."

केरूनं तोंड फिरवलं. जमादारानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि काठीनं उरलेली पानं आत ढकलली. वारा फिरायच्या आधीच तिथं राख उरली होती.

"दुकान हाय की सरकारचं," जाताना तो म्हणाला. "तिथनं आणा."

"बायकांना देत नाय," हौसा म्हणाली. पण तो तोवर गडग्याचं खिंडार ओलांडून गेला होता.

ती पडवीत आली. भिकाजीच्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा, आणि त्याला डाव्या कुशीवर वळवला. तो दातओठ खाऊन राहिला, ओरडला नाही. अजून दिवस होता.

"पानी ठेवलाय हाताशी," ती म्हणाली.

खळ्यावर भाताचे भारे पडून होते. तिनं राखेवर पाण्याचा हंडा ओतला, ठिणगी पेंढ्यात जाऊ नये म्हणून. मग पहिली पेंढी उचलली आणि दगडावर झोडायला लागली.