राहिलेली भोकं आणि ठेवलेली भोकं

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलं. आमगावच्या आसपास त्यांनी छपाई, म्हणजे प्लॅस्टर, केलेल्या कितीतरी भिंती आहेत. आमच्या मोहल्ल्यातल्या विहाराची भिंत त्यातलीच. लहानपणी तिच्यावरून हात फिरवला की ते कौतुकाने बघायचे आणि म्हणायचे, "सुई घुसाले जागा सापडते का पाह्य."

मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या हातावरून वारं गेलं. जीव वाचला, चालणं-बोलणं परत आलं, पण हाताची पकड गेली. डॉक्टरांनी दाबायला रबराचा चेंडू दिला. बाबांनी तो टीव्हीवर ठेवून दिला. "चेंडू दाबाचा धंदा नाही माहा," म्हणाले. थापी माळ्यावर गेली आणि बाबा दिवसभर पंख्याखाली बसू लागले. जेवतानाही डावा हात वापरायचे. मला ते बघवत नव्हतं आणि बघवलं नाही की मी चिडते, हा माझा जुना दोष.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची काचेची पेटी आहे आणि तिच्यात दोन नारिंगी-पांढरे मासे. इथून कुठल्याही बाजूने निघा, समुद्र लांबच पडतो. म्हणून आमचा समुद्र पाकिटातल्या मिठाचा. त्यात दगड हवा असतो, समुद्रातल्यासारखा, आरपार छिद्रांचा. तो सिमेंटचा घरी करता येतो असं मी वाचलं आणि मला दगडापेक्षा आधी बाबांची थापी आठवली.

"मला जमत नाही जी, तुमीच करून द्या," मी म्हटलं. साफ खोटं. दोन घमेली माल कालवणं काही अवघड नव्हतं.

बाबा कुरकुरत उठले. अंगणात पांढरं सिमेंट आलं आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून शिंपल्यांचा चुरा आला. इथपर्यंत ठीक होतं. मी जाड्या मिठाची पिशवी फोडली तसे ते भडकले.

"सिमेंटात मीठ कायले टाकून राहिली? भित्तीले लोना लागते त्यानं, पोपडे निंगते!"

"भिंत नाही, दगड आहे. तुमी टाका ना जी, मग सांगते."

मग सांगायचं राहून गेलं. वर्गात एकच गोष्ट चाळीसदा समजावते, घरात एकदाही धीर होत नाही.

बाबांनी ओल्या रेतीत सात खळगे केले आणि माल भरला. उजव्या हाताचं मनगट डाव्याने धरून ते थापत होते. मी मुद्दाम चपला शोधायच्या निमित्ताने घरात गेले. डोळे पुसूनच बाहेर आले.

दोन दिवसांनी दगड घट्ट झाले. आता ते दीड-दोन महिने साध्या पाण्यात ठेवायचे, पाणी बदलत राहायचं, म्हणजे सिमेंटचा चुना उतरतो. नाहीतर मासे मरतात. "म्हंजे तराईच ना," बाबा म्हणाले. नव्या स्लॅबला पाणी पाजतात ती तराई. तिची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे मी निर्धास्त झाले. ड्रममधलं पाणी बदलायचं काम त्यांच्याकडे गेलं. पुढे माझ्यामागे परीक्षेचे पेपर लागले आणि आठवडाभर मी ड्रमकडे फिरकले नाही.

रविवारी झाकण काढलं तर दगड जागेवर नव्हते. ते भिंतीच्या कडेला, ओल्या पोत्याखाली होते. पोतं उचललं आणि माझं डोकंच फिरलं. सातही दगड गुळगुळीत. सिमेंटने लिंपलेले, घोटून घोटून चकचकीत केलेले. एक छिद्र उरलं नव्हतं.

"हे काय केलं तुमी? सगळ्याची माती केली!" माझा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असणार.

बाबा दारात उभे होते. नेहमी माझ्याहून मोठा आवाज त्यांचा, पण त्या दिवशी खाली बघून बोलले. "ओरडून काऊन राहिली माय? तराई करता करता भोकं पडले ना सगळ्याईले. माल दबला नाई. हात नाई रायला आता." आणि पुढे म्हणाले, "तुले दिसाच्या आधी बुजवून टाकलो."

मला माझीच लाज वाटली. मीठ पाण्यात विरघळलं, भोकं उघडी पडली, जशी पडायला हवी होती तशीच. आणि या माणसाने ती आपल्या हाताचा दोष समजून, मला कळू नये म्हणून, त्याच दुबळ्या हाताने बुजवली.

मी पायरीवर बसले आणि जे आधीच सांगायचं होतं ते सांगितलं. मीठ भोकं पाडायलाच घातलं होतं. त्या भोकांत न दिसणारे जीव राहतात, माशांची घाण तेच संपवतात. भोक नसेल तर तो नुसता गोटा.

"म्हंजे भोकं पाह्यजेच होते?"

"पाहिजेच होते."

त्यांनी एक चकचकीत दगड उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "हे आंधीच सांगाले तोंड दुखत होतं का तुयं?" या बोलण्याने मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर मीठ आणून ठेवलेलं होतं, आणि तेही पहिल्यापेक्षा जाडं. या वेळी बाबांनी ओल्या मालात बोटं खुपसून बोगदे केले. दोन महिने पाणी बदललं. दर रविवारी मी कागदाची पट्टी बुडवायची आणि रंग बघून ते विचारायचे, "उतरला का चुना?" उतरल्यावर दगड पेटीत गेले. गुळगुळीतांपैकी एक आता फाटकाला अडण म्हणून आहे.

परवा बाबांचे जुने जोडीदार मिस्त्री चिचगडहून भेटायला आले. चहा घेता घेता काचेशी वाकले, दगड निरखून जीभ चुकचुकवली.

"कोनं केलं गा हे? भोकंच भोकं राहिले."

मी समजावायला तोंड उघडलं. बाबांनी उजव्या हातातला कप हळूच खाली ठेवला.

"मीनं केलो," ते म्हणाले. "अन् राहिले नाई गा. ठेवलो."