तुळशीखालचं नाव

हातावर कोणाचं नाव गोंदवून घेण्याआधी सुई नवी आहे का ते बघावं, कातडीला काही खाज-खरूज नाही ना ते बघावं, हे हल्ली कोणीही सांगेल. पण त्याच नावाचं आपल्या घरात आणखी कोणी आहे का, एवढं साधं कोणी सांगत नाही. ते गोदूबाईने सांगितलं असतं. तिच्या नातवाने, हितेशने, तिला विचारलं असतं तर.

गोदूबाई आमची घरमालकीण. शीळफाट्याजवळच्या तिच्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. मी शाळेत शिकवते म्हणून ती मला मास्तरीण म्हणते, आणि माझ्या भाकरीला नावं ठेवते. दिवा गावाच्या बाजूला तिची भाताची खाचरं होती, तिथे आता टॉवर आहेत. पैसा आला, पण ही बाई काही सोफ्यावर बसली नाही. ओट्यावर बसून सुकट निवडणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणार. शिवाय ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटाच्या आधी हिचा मान; ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते तेव्हा हळद लागते. गावातल्या अर्ध्या संसारांची सुरुवात तिच्या गळ्यातून झालेली आहे, आणि हे ती कोणाला विसरू देत नाही.

तर हितेश. ठाण्याला नोकरी, गोरा-गोमटा, मनाने चांगला, डोक्याने जरा उतावळा. त्याचं लग्न दिव्याच्या मुलीशी ठरलं. मुलीचं नाव भावना. साखरपुडा झाला आणि आठवड्याच्या आत हा गडी डोंबिवलीला जाऊन मनगटाच्या वर ठळक अक्षरांत 'भावना' गोंदवून आला. तिथल्या टॅटूवाल्याने म्हणे विचारलं होतं, "भाई, शादी हो गयी? पहले होने दे ना." हितेश त्याला हसला होता.

आता गंमत अशी, की हितेशच्या आईचं नावही भावना.

आईने जेवायला वाढताना तो हात पाहिला आणि तिच्या हातातला डाव तसाच राहिला. पोराने आपलं नाव हातावर घेतलं! होणाऱ्या सुनेचं नाव तिच्या डोक्यातही आलं नाही, कारण एका घरात सासू-सुनेचं नाव एकच ठेवत नाहीत. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायचं, ते समृद्धी, हे तिने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. ती आळीभर सांगत सुटली. माझ्याकडे येऊन डोळे पुसत म्हणाली, "बाई, लोक म्हणतात पोरं लग्न झाली की आईला इसरतात." हितेशने तोंड उघडायला हवं होतं. तो "हां आई" म्हणाला आणि गप्प बसला. त्या मुलाच्या तेव्हा कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली मला.

लग्न दोन आठवड्यांवर आलं, आणि साड्या बघायला मुलगी घरी आली. मीही होते. तिने हितेशची बाही वर सरकलेली पाहिली आणि सगळ्यांदेखत लाजून म्हणाली, "अय्या, माझं नाव! बोलला पण नाहीस!"

"तुजा कसा?" आई म्हणाली. "तुजा नाव तर समृद्धी ठरलंय."

"ठरलंय? कोणी ठरवलं?"

आईने हितेशकडे पाहिलं. हितेशने जमिनीकडे. तेवढ्यात आईला सगळं कळलं. तिचा चेहरा असा उतरला, की मला साड्यांकडेही बघवेना.

मुलगी मात्र शांत होती, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. "आई, तुमचा मान मी ठेवेन. पण माझं नाव माझ्या पप्पांनी ठेवलंय. ते बदलायचं असेल तर मला लग्नाचाच परत विचार करावा लागेल."

"एका घरात दोन भावना? लोक हसतील," आई एवढंच म्हणाली. तिला भांडायचंही बळ राहिलं नव्हतं.

आणि मग हितेशने अकलेचे तारे तोडले. "तुम्ही दोघी टेन्शन नका घेऊ. मी यावर वाघ काढून घेतो. कव्हर-अप करतात. नावच दिसणार नाय."

ओट्यावरून गोदूबाई आत आली. तिने नातवाचा हात धरला, निरखून पाहिला. मग त्याच्या शेजारी आपला हात धरला. त्यावर हिरवट, पसरलेली तुळशीवृंदावनाची खूण होती. मी ती रोज पाहत होते.

"ह्याच्याखाली काय हाय, बोल," ती म्हणाली.

आणि उत्तराची वाट न बघता तीच सांगू लागली.

"माजा नाव हाय. सगुना. बापासने अंबरनाथच्या जत्रंत लिवून घेतला, मी एवरीशी व्हती. लगीन झाला, तं ननंदेचा नाव पन सगुना. एका घरान दोन सगुना कशा? मना गोदू केली. हातावरचा कसा पुसनार? मंग सासूने गोंदनारी बाय बोलवून वर ही तुलस टोचून घेतली." तिने हितेशकडे पाहिलं. "वाघ काढशील. खाली नाव मरतं काय रे?"

मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं तिच्या पिढीच्या बाया मानतात. गोदूबाई खाली बसली आणि हळूच म्हणाली, "वर माजी आईस मना कशी शोदील? तिला कुटं माहीत गोदू कोन ते."

एवढं बोलून रडली असती तरी चाललं असतं. पण ती सुनेकडे, हितेशच्या आईकडे वळली. "आनि मी तुजा काय केला? तू आली तवा तू कलावती व्हतीस. माजे जावेचा नाव पन कलावती. मीच बोलली, हिला भावना करा. माज्या हातावर एवरा टोचलेला असून करा बोलली." मग म्हणाली, "जाव तं कवाच गेली. नाव मोकला हाय. तुजा तुला घे. ह्या पोरीचा तिला ऱ्हावदे."

हितेशची आई कसंनुसं हसली. "इतक्या वरसांनी? त्या नावाने कोनी हाक मारली तं मना कलनार पन नाय."

त्या दिवशी विषय तिथेच राहिला. साड्या मात्र घेतल्या गेल्या.

हळदीच्या दिवशी मांडव माणसांनी भरला होता. गोदूबाई पाटावर बसून धवले गात होती आणि हळद लावायला घरच्या बायकांना एकेक करून नावाने बोलवत होती. नवरदेवाच्या आईची पाळी आली. ती आत नारळांच्या गडबडीत होती. गोदूबाई क्षणभर थांबली, आणि खणखणीत आवाजात हाक दिली, "कलावतीऽ"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोण कलावती?

आतून, कामाच्या भरात, लगेच आवाज आला, "ओ!"