सरासरीसाहेबांनी पास केलेली मुशी

मासळी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सगळे त्याला सरासरीसाहेब म्हणत, आणि या गड्याला त्यात कौतुकच वाटे! साहेब कसला, मासे वाटणारा. बाजारातून बर्फातले नमुने यायचे. त्यातला मांसाचा तुकडा कापायचा, मिक्सरमध्ये वाटायचा, यंत्रात घालायचा आणि पारा किती निघाला ते लिहायचं. तेवढंही सरळ करायला अंगात धमक लागते, आणि तिचीच इथे बोंब.

मुशी म्हणजे शार्कच. जन्मभर लहान मासे गिळते आणि त्यांच्यातला पाराही अंगात साठवते. ती वेगळी तपासली की आकडा हमखास मर्यादेच्या वर. मग काय, फेरतपासणी, वरच्यांचे फोन, बाजारवाल्यांचा आरडाओरडा, लेखी खुलासे. कोण एवढी कटकट ओढवून घेईल? चार वर्षांपूर्वी याने अक्कल लढवली. एक तुकडा मुशीचा, नऊ तुकडे बोटाएवढ्या मासळीचे, सगळं एकत्र वाटायचं. आकडा आपोआप खाली. 'मुशी : खाण्यास योग्य' असं लिहून खाली झोकदार सही ठोकायची.

"अहो, माणूस काय वर्षभर नुसती मुशीच खातो का? सरासरी धरायची!" हे तो नव्या सहकारी बाईंना असा शहाणपणाचा आव आणून सांगे की त्या बिचाऱ्या मान डोलवत. स्वतः मात्र बाजारात गेला की मुशीकडे ढुंकूनही बघायचा नाही, घरी बोटभर मासळीच न्यायचा. पिशव्या भरून मुशी नेणाऱ्यांना बघून मनातल्या मनात हसायचा. खा लेको!

त्याची मुलगी प्रसूतिगृहात नर्स होती. तिलाच पाचवा महिना लागला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तो एका दुपारी तिच्याकडे जेवायला गेला. स्वयंपाकघर एवढंसं, टेबल फ्रिजला चिकटलेलं. तिने आपल्या ताटात माशाचे दोन जाडजूड तुकडे वाढून घेतले.

"कसला मासा गं?"

"मुशी. काटे नसतात, म्हणून मला जाते. आठवड्यातून तीनदा तरी असतेच."

त्याने हातातला घास ताटात टाकला. "ते ताट बाजूला कर. आधी कर!"

"का? ताजी आहे, सकाळीच आणलीय."

"धू, शिजव, तळ, काही कर, पारा जात नाही त्यातला. बाळाच्या मेंदूला..."

"मला शिकवताय? मोठे मासे टाळा, असं आमच्या वॉर्डाच्या भिंतीवरच लिहिलंय. पण ही तपासलेली आहे ना! दुकानात तुमच्या प्रयोगशाळेचा कागद बघून मगच घेते मी."

मग त्याने सांगितलं. अर्धं गिळत, अर्धं वरच्यांवर ढकलत, "सगळीकडे असंच चालतं" म्हणत. नातवंडासाठी त्याचा जीव खरंच वरखाली होत होता, तेवढं त्याच्या पदरात टाकू. चार वर्षं परक्या बायकांनी हीच मुशी खाल्ली, तेव्हा मात्र याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

मुलीने पोटावर हात ठेवला. "उद्या रक्त तपासून घेते," एवढंच म्हणाली.

"हो, हो, लगेच घे. आणि आता खायची बंद कर म्हणजे झालं. फक्त बाहेर कुठे बोलू नकोस हं. माझ्या निवृत्तीला आठच महिने राहिलेत."

काय माणूस आहे! स्वतःच्या मुलीसमोर, भरल्या ताटावर, हे सुचतं तरी कसं?

"बाबा," ती उठत म्हणाली, "वॉर्डातल्या बायकांना मी छातीठोक सांगत आलेय, माझे वडील तपासतात, मुशी बिनधास्त खा. कितीतरी जणींना सांगितलंय."

"मग तूच कळव ना त्यांना," तो पुटपुटला. "डॉक्टर म्हणाले म्हण."

तिने मोबाईल घेतला, वॉर्डातल्या बायकांच्या यादीतला पहिला नंबर लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, "बोला ना ताई, आत्ता जेवायलाच बसले होते."

तिने फोन त्याच्या खरकट्या हातात कोंबला. "आता तुमच्या तोंडाने सांगा."