कबुतरांची घड्याळं आणि एक वायर

किल्लीवाल्याला क्लबात सगळे 'धसका' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे, कारण ते खरं होतं. दुकानाचं शटर ओढून चार पावलं गेला की परत येऊन कुलूप हलवून बघणारा माणूस. जन्मभर कुलपंच दुरुस्त केली, पण विश्वास एकावरही नाही. अशा माणसाला कबुतरांच्या शर्यतींचा नाद लागावा हा दैवाचा विनोदच म्हणायचा. पाखरू शेकडो किलोमीटर लांब नेऊन सोडायचं आणि गच्चीवर मान मोडेस्तोवर आभाळाकडे बघत बसायचं. या नादात काळजीशिवाय दुसरं असतं तरी काय?

जुना सचिव वारला तेव्हा क्लबाचा कॉम्प्युटर याच्या गळ्यात पडला. बाकीचे दहा जण म्हणाले, "धसकाच बरा. तो काही विसरायचा नाही."

कॉम्प्युटरवाचून क्लबाचं पान हलत नव्हतं. प्रत्येक कबुतराच्या पायात एक कडी असते आणि ढाबळीच्या दाराशी एक पट्टी. पाखरू पट्टीवर उतरलं की शेजारच्या छोट्या घड्याळात सेकंदासकट वेळ पक्की होते. पण ते घड्याळ आपलं गुपित सांगतं फक्त कॉम्प्युटरला, तेही नऊ पिनांच्या जाडजूड वायरीतून. शर्यतीआधी कुणाची कुठली पाखरं निघाली ते कॉम्प्युटर घड्याळात भरणार आणि शर्यतीनंतर वेळा वाचून घेणार. तो नसेल तर शर्यत कसली, नुसतीच उडवाउडवी.

मोसमातली शेवटची शर्यत रविवारी होती, तीनशे ऐंशी किलोमीटरची. आणि बुधवारी कॉम्प्युटरने मान टाकली. बटण दाबल्यावर पंखा एकदा घरघरला, जळका वास आला आणि सगळं गार पडलं. शुक्रवारी सहाला कबुतरांचा टेम्पो निघणार होता. किल्लीवाल्याने त्या रात्री जेवणाचं ताट तसंच सरकवून दिलं.

मुलीने आपला लॅपटॉप देऊ केला. क्लबाचा जुना प्रोग्रामही कुणाकडून तरी त्यात उतरवून आणला. किल्लीवाल्याने लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला.

"अगं, याला नऊ पिनांचं भोकच नाही!"

"बाबा, आता कशालाच नसतं."

गुरुवारी दुकान बंद ठेवून तो बाजारात फिरला. पहिल्या दुकानात वायर बघून पोरगी हसली. दुसऱ्याने विचारलं, "काका, हे म्युझियममधून आणलंत का?" तिसऱ्याने नवी घड्याळं घ्यायचा सल्ला दिला, जणू अकरा माणसांची घड्याळं म्हणजे अकरा बोरं. चौथ्याने मात्र खणाच्या तळातून धूळ झटकून एक वायर काढली. तिच्या एका टोकाला नऊ पिनांचं तोंड होतं आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉपात जाईल असं चपटं. "चालेल का?" किल्लीवाल्याने विचारलं. "चालायला पाहिजे," दुकानदार म्हणाला. या 'पाहिजे'नेच त्याचा जीव अर्धा झाला.

वायर बसली अगदी चपखल. तिच्यावरचा हिरवा दिवाही लागला. आणि पडद्यावर आलं, घड्याळ सापडत नाही. काढून घातली, लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी तेच. किल्ली भोकात जाते आणि फिरत नाही, तेव्हा गिऱ्हाईक दुप्पट चिडतं हे त्याला धंद्यातून ठाऊक होतं. आता गिऱ्हाईक तोच होता.

"आधी दोन घास खा," बायको म्हणाली. "मालक जिवंत आहे हे कबुतरांना कळू दे."

शुक्रवारी चार वाजता वखारीमागच्या पत्र्याच्या खोलीत सगळे करंड्या घेऊन जमले. आत कबुतरांची घुमघुम, बाहेर टेम्पोवाल्याचा हॉर्न. क्लबाचा अध्यक्ष म्हणजे बेकरीवाला, आवाजाने भट्टीसारखा. तो कडाडला, "धसका, आज नाही जमलं तर मोसम बुडाला! गुण कुणाला द्यायचे, कपाटाला?"

किल्लीवाल्याने पुन्हा वायर उचलली. पाचव्यांदा वायर घालताना ती पिनांवर नीट बसेना. तेवढ्यात ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. क्लबात एकट्या बाई, आणि मोसमाच्या गुणांच्या यादीत हा पहिला तर त्या नेमक्या याच्या खालोखाल. दोघांचं बोलणं 'पाऊस येईलसं वाटतं' याच्यापुढे कधी गेलं नव्हतं.

"ही वायर कितव्या लाइनवर आहे?" त्यांनी विचारलं.

"लाइन म्हणजे?"

"अहो, जोडलेल्या प्रत्येक वायरीला कॉम्प्युटर नंबर देत असेल ना? आमच्या बोर्डावर द्यायचो तसा."

शोधता शोधता पंधरा मिनिटांनी एका यादीत ती सापडली. वायरीला नंबर मिळाला होता नऊ. आणि जुन्या प्रोग्रामात निवडायला होते फक्त एक ते चार.

"झालं तर," ताई म्हणाल्या. "फोन वाजतोय नवव्या लाइनवर, आणि तुमचा ऑपरेटर पहिल्या चारच लाइन ऐकतोय. बिचाऱ्याला आणखी लाइन असतात हेच माहीत नाही. हिला दोन नंबर द्या."

दिला. घड्याळाने बारीक 'पिप्' केलं. खोलीत असा गलका झाला की करंड्यांतली पाखरं फडफडली. पावणेसहाला शेवटचं कबूतर नोंदलं गेलं आणि टेम्पो वेळेवर निघाला. किल्लीवाल्याने मात्र त्या रात्री उशाशी वायर ठेवली.

रविवारी त्याची राखाडी मादी बाराच्या आत आली. तिच्यामागून दोन आली. एक तरुण चट्टेरी नर तेवढा आला नाही. त्याची वाट बघत तो चारपर्यंत गच्चीवरच थांबला आणि मग घड्याळ घेऊन क्लबात पळाला.

एकेक घड्याळ जोडायचं, वेळा पडद्यावर आल्या की काढायचं. घड्याळ एकेक नोंद पाठवतं आणि पाठवली की पुसून टाकतं, म्हणून किल्लीवाला श्वास रोखून बसला होता. नऊ वाचून झाली, त्यात त्याचंही होतं. दहावं ताईंचं. ते लावलं आणि कपाळाचा घाम पुसायला त्याने हात उचलला. कोपर वायरीला लागला. हिरवा दिवा मिणमिणला, पुन्हा लागला. पडद्यावर ताईंची पाखरं आली ती दुसऱ्यापासून. पहिल्याची ओळच नव्हती. मग अकरावं घड्याळही वाचून झालं.

यादी तयार झाली. पहिला नंबर, किल्लीवाला.

"वा रे धसका!" बेकरीवाल्याने पाठीवर थाप मारली. "मोसमही मारलास!"

कुणी काही पाहिलं नव्हतं. ताई पडद्याकडे बघत होत्या, कपाळाला आठी घालून. नऊ वर्षांत पहिल्यांदा मोसमाच्या शेवटी त्याचं नाव सगळ्यात वर होतं. गप्प बसायला काहीच करावं लागत नव्हतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

"माझा कोपर लागला," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की पुन्हा सांगावं लागलं. "ताईंचं वाचताना वायर हलली. त्यांची पहिली नोंद गेली."

ताईंनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. "सवय आहे हो जुनी. प्रत्येक कॉलची वेळ लिहून ठेवायची." अकरा एक्केचाळीस, बारा सेकंद. प्रत्येकाच्या ढाबळीचं अंतर वेगळं, ते धरून हिशेब केला, तर त्यांचं पाखरू किल्लीवाल्याच्या मादीपेक्षा थोडं पुढे होतं.

"हाताने लिहिलेली वेळ चालत नाही, नियम आहे," एक जण म्हणाला.

"तो नियम घड्याळ बिघडलं तर," किल्लीवाला म्हणाला. "घड्याळ नाही बिघडलं. काम मी बिघडवलं."

बेकरीवाल्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हे धरलं तर तू दुसरा. शर्यतीतही आणि मोसमातही. कळतंय ना?"

"कळतंय."

हात वर करून मतं घेतली. सात विरुद्ध तीन. ताईंनी मत दिलं नाही. हरलेल्यांतला एक जण करंडी उचलून, "म्हणजे आता चिठ्ठ्यांवर शर्यती," असं पुटपुटत निघून गेला. ताईंनी आभारबिभार काही मानले नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमची मादी सुंदर आहे. तिचं पिल्लू झालं तर मला सांगा."

सोमवारी चट्टेरी नर आला नाही. मंगळवारी किल्लीवाला दुकानात किल्ल्या घासत होता, पण कान फोनकडे होता. तीनला बायकोचा फोन आला.

"आलाय. पाणी पितोय."

"पायाला लागलंय का बघ. पंख पसरतोय का? डोळे कसे आहेत?"

"मी काय डॉक्टर आहे?" ती म्हणाली. "तुम्हीच या आणि बघा."